विचारा की! : सांगलीत प्रोफेशनल फुटबॉल क्लब काढायचाय, सुरुवात कुठनं करू?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की सांगली-मिरज-कुपवाड एवढं मोठं शहर आणि देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, आयएसएल सोडा, तिच्या खालच्या आयलीगमध्ये पण आपला एक क्लब नाही. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आलीत की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण निवडक घेतोय. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर पण मोठंच झालंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, आम्ही सहा मित्र, मिरजेच्या ग्राउंडवर खेळून मोठे झालेलो. एकाचं कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे, दोघं हळदीच्या व्यापारात, एक सीए, बाकी नोकरीला. आम्हाला सांगलीचा प्रोफेशनल क्लब काढायचाय. लोगो झालाय, जर्सीचं डिझाइन फायनल आहे, एका नायजेरियन प्लेअरशी बोलणं चालू आहे. दोन वर्षात आयलीग खेळायची असं ठरवलंय. आता पुढची स्टेप काय? — सहा मित्र, मिरज

उत्तर : आधी एक सांगतो, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असं पत्र कुणीतरी लिहावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होतो. म्हणून जे काय आहे ते स्पष्टच बोलतो, रागवू नका. लोगो आणि जर्सी कपाटात ठेवा, आणि त्या नायजेरियन पोराला आत्ताच कळवा की यंदा नाही जमणार, कारण तो घरदार सोडून येणार, त्याला आशेवर ठेवू नका.

तुम्ही पुण्याकडं बघा. 2007 ला पुणे एफसी निघाला, पिरामल ग्रुपचा, चांगली अकॅडमी केली, 2012-13 ला आयलीगमध्ये दुसरा आला. 2015 ला बंद. त्याच सुमारास कल्याणी ग्रुपनं भारत एफसी काढला, तो 2014-15 चा एकच सीझन खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन आयलीग खेळले, 2017 ला तेपण गेले. आणि एफसी पुणे सिटी, आयएसएलची टीम, हृतिक रोशन मालकांपैकी एक, सेमीफायनलपर्यंत गेलेली, ती 2019 ला बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला गेली, आणि तिथनं 2025 ला दिल्लीला. म्हणजे बारा वर्षात चार क्लब, आणि शहर कुठलं तर पुणे, जिथं पैसा आहे, कंपन्या आहेत, बालेवाडीसारखं स्टेडियम आहे. खेळ वाईट होता म्हणून नाही गेले ते. वरनं एका मालकाचा किंवा एका ग्रुपचा पैसा येत होता, तो आटला की खाली धरून ठेवायला काहीच नव्हतं. पुणे एफसी बंद झाला तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं? थोडे फॅन होते बिचारे, जीव तोडून ओरडले, पण क्लबच्या कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

आणि हे मला नुसतं पेपरात वाचून कळलेलं नाही. आमच्या तरुणपणी आम्हीपण एक टीम उभी केलेली, एका उद्योजकानं खर्च उचलतो म्हणून शब्द दिला, पहिले दोन महिने पैसे आले, तिसऱ्या महिन्याचा चेक परत आला. बाहेरगावची पाच पोरं आमच्या भरवशावर इथं खोली घेऊन राहिलेली. खोलीमालकाला काय सांगायचं, पोरांना काय सांगायचं, शेवटी आम्ही चौघांनी घरनं पैसे आणून त्यांना रात्रीच्या एसटीत बसवून दिलं. त्यातला एकजण स्टँडवर काही बोलला नाही, नुसते स्टडचे बूट गळ्यात अडकवून बसला होता खिडकीला. ते डोळ्यासमोरनं अजून जात नाही. त्यामुळं तुम्ही कुठल्याही पोराला पगाराचा आकडा सांगाल तेव्हा तेवढे पैसे आधी बँकेत असू द्या, पूर्ण सीझनचे.

आता दोन वर्षात आयलीग. बघा, शिडी अशी आहे : सगळ्यात वर आयएसएल, खाली आयलीग (2026 पासनं तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग), मग आयलीग 2, मग आयलीग 3, आणि त्याच्या खाली राज्याची लीग आणि आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धा. आयलीग 3 ला जायचं तर राज्याकडनं नाव जावं लागतं, म्हणजे आधी जिल्हा संघटनेत रजिस्टर, मग विफा म्हणजे आपली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिथल्या स्पर्धा खेळायच्या, जिंकायच्या. दुसरा रस्ता आहे, पैशाचा. वाराणसीचा इंटर काशी 2023 ला निघाला आणि बोली लावून थेट आयलीगमध्ये घुसला. तसं करायला कोट्यवधी लागतात आणि ते तुमच्याकडं नाहीत असं मी धरून चालतो. आणि असते तरी मी आत्ता नकोच म्हटलं असतं, कारण 2025 च्या जुलैत आयएसएलचाच पुढचा सीझन होल्डवर टाकला होता, कारण फेडरेशन, म्हणजे देशाची फुटबॉल संघटना, आणि लीग चालवणारी कंपनी यांचा 15 वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. बंगळुरू एफसीसारख्या क्लबनं, ज्यांनी 2013 ला निघून पहिल्याच सीझनला आयलीग जिंकलेली, त्यांनी पहिल्या टीमचे पगार थांबवले. वरची मंडळी अशी हलतात तेव्हा खालचा पाया भक्कम असलेलाच टिकतो.

एक गोष्ट सांगतो, ती मी क्लासमधल्या पोरांना पण सांगतो. लंडनमध्ये विम्बल्डन नावाचा जुना क्लब होता. 2002 ला त्याच्या मालकांना परवानगी मिळाली की क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्या, जवळपास 90 किलोमीटर लांब. फॅन लोकांनी काय केलं, तर काही आठवड्यात स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. प्लेअर नव्हते तर उघड्या माळावर ट्रायल घेतली, 230 पोरं आली. लीगच्या नवव्या पायरीवरनं सुरुवात केली आणि नऊ वर्षात, 2011 ला, इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये पोचले. 2020 ला आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला, स्वतःचं स्टेडियम बांधून परत आले. आणि क्लबची सूत्रं सभासदांच्या ट्रस्टकडं, एक सभासद एक मत.

एक सभासद एक मत! हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का? वसंतदादांच्या जिल्ह्यात? शेतकऱ्यांकडनं शेअर गोळा करून साखर कारखाने उभे केलेली माणसं आपण. दूध संघ, पतसंस्था, सोसायट्या, प्रत्येक गल्लीत एक माणूस सापडेल ज्याला पावती पुस्तक, वार्षिक सभा, ऑडिट सगळं तोंडपाठ. हे सगळं सांगलीकडं आहे आणि पुण्यातल्या त्या चारही क्लबांकडं ते नव्हतं. मला वाटतं आपला क्लब निघाला तर यातनंच निघेल.

म्हणून कागदाचं असं करा. सातजण लागतात संस्था रजिस्टर करायला, 1860 च्या सोसायटी कायद्याखाली, तुम्ही सहा आहात, सातवी एक बाई घ्या, खरंच घ्या, खेळलेली असेल तर फारच चांगलं. आपल्याकडं तीच संस्था धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्ट म्हणूनपण नोंदवावी लागते. आयकर सवलतीच्या ज्या नोंदण्या 12ए आणि 80जी म्हणून ओळखल्या जातात, त्यांचं तुमचा सीए मित्र बघेल. ही संस्था म्हणजे मूळ, तिच्यात सभासद, तिच्यात लहान पोरांचं ट्रेनिंग. पुढं कधी सिनियर टीमला पगार द्यायची वेळ आली की तेवढ्यासाठी वेगळी कंपनी काढा आणि तिचे बहुतेक शेअर या संस्थेकडंच ठेवा, म्हणजे उद्या कुणी मोठा पैसेवाला आला तरी क्लब उचलून दुसऱ्या गावाला नेणार नाही.

पैशाचं पण बोलू. समजा 25 प्लेअर, प्रत्येकी महिना 15,000, हा काय फार मोठा पगार नाही, तरी महिन्याला 3 लाख 75 हजार झाले, दहा महिन्यांचे साडेसदतीस लाख. यात कोच नाही, फिजिओ नाही, प्रवास नाही, शिलाँग-इम्फाळच्या मॅचेस नाहीत, बॉल नाहीत. तिकिटातनं हे निघत नाही, मोठ्या क्लबांचं पण निघत नाही. मग? एमआयडीसीत आणि साखरेच्या धंद्यात ज्या कंपन्यांना सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजाच्या कामाला द्यायचा कायदा, लागू आहे, वर्षाला निव्वळ नफा 5 कोटींच्या वर गेला तरी लागू होतो, त्यांच्याकडं जा, पण काय मागताय ते नीट समजून जा. सीएसआरच्या यादीत खेळाचं ट्रेनिंग येतं, त्यामुळं पोरांच्या ट्रेनिंगला पैसे मिळू शकतात, त्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते. जर्सीवर कंपनीचं नाव झळकवायचं आणि ते सीएसआरमध्ये दाखवायचं हे चालत नाही, ती स्पॉन्सरशिप झाली, जाहिरातीचा खर्च. दोन्ही घ्या, पण दोन वेगळ्या खात्यात.

आता ग्राउंड. हे मी शेवटी लिहितोय पण खरं हेच पहिलं आहे. मॅचचं ग्राउंड 105 बाय 68 मीटर धरतात. आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, एकाच ग्राउंडवर क्रिकेटची टेनिस बॉल टूर्नामेंट, प्रदर्शन, सभा, आणि उरलेल्या दिवशी फुटबॉल. मी रोज सकाळी ज्या मैदानावर जातो तिथं आमचे एक काका पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यातनं फक्की मारतात, सरळ रेष यावी म्हणून दोरी धरायला दोन बारकी पोरं. गोलपोस्ट जीआय पाइपचे, वेल्डिंग करून घेतलेले, आणि मागं जाळी कसली तर तासगावकडच्या एका पालकांनी द्राक्षबागेतली पक्ष्यांची जुनी जाळी आणून दिलेली. जोरात मारलेला बॉल त्यातनं पार जातो आणि गोल की आउट यावर पाच मिनिटं जातात. 2019 च्या महापुरानंतर तर नदीकडच्या मैदानांवर एवढा गाळ बसला होता की वाळल्यावर त्याला फरशीसारख्या भेगा पडल्या, पोरांचे घोटे मुरगळायचे, मग आम्हीच घमेली घेऊन आठवड्याच्या आठवडे उचलला. त्यामुळं माझं म्हणणं, ग्राउंडचा लेखी करार, महापालिका असू दे, कॉलेज असू दे, किती वर्षं, कुठल्या वेळा, देखभाल कुणी करायची, हे हातात आल्याशिवाय प्रोफेशनल हा शब्द बोर्डवर लिहू नका. वरच्या लीगमध्ये खेळायला क्लबला लायसन्स लागतं, त्यात पाच गोष्टी बघतात, खेळ, सुविधा, माणसं, कायदेशीर कागद आणि हिशोब. सुविधा म्हटलं की ग्राउंड, आणि खेळ म्हटलं की युथ टीम. युथ टीम नसेल तर बाकी काही दाखवून उपयोग नाही.

तर यंदा काय करा : पावसाळ्याआधी जिल्हा संघटनेत जाऊन रजिस्ट्रेशनचं विचारा, तुमच्यातल्या दोघांनी डी लायसन्सचा कोचिंग कोर्स करा, डी नंतर सी, बी, ए आणि प्रो असं वर जातं, आणि एकानं रेफ्रीची परीक्षा द्या. बारा वर्षाखालच्या पोरांसाठी बेबी लीग भरवा, त्याला फार पैसे लागत नाहीत, छोटं ग्राउंड, छोटे गोल, दर रविवारी. प्रत्येक पोराचं रजिस्ट्रेशन फेडरेशनच्या सिस्टीममध्ये नीट करा, जन्मदाखला खरा. हे कागद पुढं पैसे पण देतात. फिफाचा नियम आहे की प्लेअर ट्रान्सफर फी देऊन एका देशातनं दुसऱ्या देशातल्या क्लबला गेला तर त्या फीमधले 5 टक्के, 12 ते 23 वयात त्याला घडवलेल्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपलं पोरगं तिथवर जाईल तेव्हा जाईल, पण त्याची नोंद आपल्याकडं नसेल तर गेलं तरी आपल्याला काही मिळणार नाही. सिनियर टीम तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढा, आणि ती आधी आपल्याच पोरांची काढा.

प्रश्न : कोल्हापूर 50 किलोमीटरवर. तिथं मॅचला हजारोनं पब्लिक येतं. मग त्यांनाच अजून प्रोफेशनल क्लब जमला नाही तर आपल्याला काय जमणार? — एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : कोल्हापूरच्या फुटबॉलचा मला अभिमान आहे, शाहू स्टेडियमला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच ज्यानं बघितली नाही त्यानं काय बघितलं. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, 1940 पासून आहे, तालमी आणि पेठा टीम चालवतात, आजोबा-बाप-पोरगं एकाच तालमीचे. पण ती निष्ठा पेठेशी आहे. सगळ्या पेठांनी मिळून एका शहराच्या टीमला आपलं म्हणायचं हे तिथं अवघड आहे, मंगळवार पेठेचा माणूस शिवाजी पेठेच्या पोरासाठी आरोळी ठोकेल का, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडं तसली जुनी चुरस कमी आहे, आणि या एका बाबतीत ते आपल्या पथ्यावर पडतं. पण सांगली आणि मिरज यांच्यात जे आहे ते आहेच, त्यामुळं पहिल्या दिवसापासनं एक मॅच इकडं एक तिकडं अशीच ठेवायला लागेल.

आणि कोल्हापूरला शत्रू समजू नका. केरळनं 2024 ला सुपर लीग केरळ सुरू केली, कालिकत, कोची, मलप्पुरम, थ्रिसूर, कन्नूर, तिरुवनंतपुरम अशा सहा शहरांच्या टीम, पहिल्या वर्षी कालिकत जिंकलं. आपल्याकडं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, इचलकरंजी अशी एक लीग झाली तर प्रवास एसटीचा, जेवण घरचं, आणि पब्लिक दोन्हीकडचं. मला तर वाटतं आयलीगच्या आधी हेच स्वप्न बघावं.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, लेफ्ट विंगला खेळतो, सगळे म्हणतात चांगला आहे. एका अकॅडमीनं फोन करून सांगितलं की सिलेक्शन झालंय, आता 60 हजार भरा, पुढं मोठ्या क्लबमध्ये पाठवू. मिस्टर म्हणतात भरूया. काय करू? — एक आई, कुपवाड

उत्तर : ताई, भरू नका. निदान आत्ता तरी नका. ट्रायल झाली होती का, कुणी बघितलं, लेखी काय दिलंय हे आधी विचारा. फेडरेशन अकॅडमींना अक्रेडिटेशन म्हणजे मान्यता देतं, ते त्यांच्याकडं आहे का, कुठल्या वयाच्या टीम कुठल्या लीगमध्ये खेळवतात, कोचचं लायसन्स कुठलं, हे विचारा आणि स्वतः तपासा. हॉस्टेल असेल तर जाऊन बघा, जेवण बघा, शाळेचं काय करणार ते बघा. पुढं पाठवू असा शब्द कुणी देऊ शकत नाही, कुणीच नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला तो खेळाच्या जोरावर गेला. आणि जन्मतारखेत कुणी एक-दोन वर्ष कमी करा म्हणालं तर तिथनं उठून या, हाडांची तपासणी होते, पोराचं नाव कायमचं खराब होतं.

घरी मात्र मिस्टरांना असं सांगू नका की त्याचा खेळ बंद. चांगले बूट घेऊन द्या आणि रोज अंडी-दूध-शेंगदाणे.

प्रश्न : सकाळी आम्ही म्हातारी माणसं मैदानावर चालायला येतो, बॉल अंगावर येतो. उद्या क्लब झाला की आम्हाला बाहेर काढणार का? — ज्येष्ठ नागरिक, गावभाग

उत्तर : नाही काका, आणि असा कुठला क्लब काढत असतील तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. साडेसातपर्यंत कडेची वाट चालणाऱ्यांची, मधलं मैदान पोरांचं, असं लेखी ठरवता येतं. उलट तुम्ही सभासद व्हा. रोज मैदानावर येणारा, कुठं खड्डा पडला, कुठं काच पडलीय हे ज्याला आधी दिसतं असा माणूस कमिटीत पाहिजेच.

प्रश्न : मुलींच्या टीमचं कुणी काही बोलतच नाही. आम्ही नऊजणी आहोत, अकरा होत नाहीत. — कॉलेजची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नऊजणी म्हणजे फार आहेत! फाइव्ह-अ-साइडच्या दोन टीम व्हायला एकच कमी. मी त्या मिरजेच्या सहाजणांना वर सांगितलंय की सातवी एक बाई घ्या, आता हे पण सांगतो की पहिली सिनियर टीम मुलींची काढायचा विचार करा, मी अगदी मनापासनं म्हणतोय. महिलांच्या इंडियन वुमेन्स लीगची शिडी पुरुषांएवढी लांब नाही आणि एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली त्या लीगमध्ये खेळून आल्यात, म्हणजे आपल्या शेजारनं रस्ता झालेला आहे. भारताच्या मुलींनी 2025 ला थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 नं हरवून 2026 च्या आशियाई कपची जागा मिळवली. आणि सांगलीत वाढलेली स्मृती मानधना वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हा हेच शहर रात्रभर जागं होतं, त्यामुळं मुलींचा खेळ बघायला इथं कुणी येत नाही हे मला कुणी सांगू नये.

तुम्ही एक करा, तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यातनं ग्राउंडची वेळ मागून घ्या, आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, लाइट नसले तरी तेवढ्यात होतं. दहावी आणि अकरावी खेळाडू शोधायला शाळांत जा, कबड्डी-खोखोच्या मुलींमध्ये बघा, त्यांचे पाय तयार असतात. तुमचं पत्र त्या सहाजणांकडं द्यायला सांगितलंय, त्यांचं उत्तर आलं की पुढच्या अंकात छापतो.